हिरवट जाड कागद

४ मार्च

बारक्या,

आशीर्वाद. रागात आहे, तरी आशीर्वाद. ते तुझ्या वाटणीचे आहेत, अडवून ठेवणारी मी कोण?

फोन मीच आपटला. त्यानंतर तू तीनदा केलास, तेव्हा मी समोरच बसले होते आणि वाजू दिला. आपण दोघं फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो, हे काही आजचं नाही. कागदावर निदान मधे कोणी बोलत नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते. नीट वाच, कामावर लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून वाचू नकोस.

गेल्या आठवड्यात एका वसुली कंपनीचं पत्र आलं. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनचं दोन वर्षांपूर्वीचं बिल भरलेलं नाही, व्याजासकट आता दीडपट झालंय, ताबडतोब भरा. जुन्या मालकानं हॉस्पिटल विकलं, नव्यानं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि जुन्या बिलांचा गठ्ठा या वसुलीवाल्यांच्या गळ्यात मारला. त्यात भरलेली कुठली आणि राहिलेली कुठली, हे बघायची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही.

मी हॉस्पिटलात जाऊन आले. खिडकीतली मुलगी गोड होती, पण तिच्या पडद्यावर आईच्या नावापुढे लाल अक्षरात 'बाकी' होतं, आणि माझ्यापेक्षा तिचा पडद्यावर विश्वास. पावत्यांच्या कार्बनच्या वह्या तळघरात रेकॉर्ड रूममध्ये असतात म्हणाली. तिथे गेले. तिथले कारकून म्हणाले, पावतीचा नंबर आणा, पाच मिनिटांत काढून देतो. नंबर नसेल तर दोन हजार वह्या आहेत, या जन्मी होणार नाही.

नंबर पावतीवर, आणि पावती पत्र्याच्या डब्यात असायला हवी. डबा तीनदा उपडा केला. विजेची बिलं निघाली, बाबांच्या सायकलचं लायसन निघालं, तुझं सातवीचं प्रगतिपुस्तक निघालं (गणित एकोणीस). पावती नाही. मला ती डोळ्यांसमोर दिसते रे. हिरवट, जाड, चिवट कागद. उजव्या कोपऱ्यात नंबर, त्याच्या खाली सही आणि गोल शिक्का. आईला घरी आणलं त्या सकाळी खिडकीशी उभं राहून मी पैसे मोजून दिले. तू पाठवलेले, सगळेच्या सगळे.

आणि हे सांगत असताना तू काय विचारलंस? "आक्का, नक्की भरले होतेस ना?"

मशीन हा शब्द तू उच्चारला नाहीस, पण मला तो ऐकू आला. हो, कागद कापायचं मशीन मी त्याच महिन्यात घेतलं. बंद पडलेल्या छापखान्याचं, जुनं, आणि हॉस्पिटलच्याच नोंदवह्या बांधायचं काम मिळालं होतं त्याच्या आगाऊ पैशांतून. तेव्हा तुला सविस्तर लिहिलं होतं. ते तू वाचलं नसशील तर तो दोष पोस्टाचा नाही.

आईचं ठीक आहे. खिडकीशी बसून डाव्या हातानं रद्दीच्या पट्ट्या कापते. पुस्तकाच्या पाठीला कापडाच्या आतून चिकटवायला लागतात, त्या. तेवढंच काम आता तिला जमतं आणि ते ती दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

तुझ्याकडे त्या बिलाचा काही कागद असेल तर पाठव.

आक्का

---

१२ मार्च

आक्का, नमस्कार.

पत्र मिळालं. खड्ड्यात नाही, जिन्यात बसून वाचलं. लिफ्ट बंदच होती, मीच उघडून ठेवली होती.

मी संशय घेतला नव्हता. विचारलं फक्त. आमच्या कामात विचारावंच लागतं. 'वरचा दरवाजा नक्की लावलास ना' असं मी माझ्या जोडीदाराला दिवसातून दहा वेळा विचारतो, तो काही आपटत नाही.

पैसे पाठवल्याचा कागद माझ्याकडे आहे. पण त्यावरून मी तुला पाठवले एवढंच कळतं, तू पुढे भरले हे कळत नाही. म्हणजे उपयोग शून्य.

हिचं म्हणणं असं, आणि मलाही ते पटतं, की निम्मे मी देतो, निम्मे तू हप्त्याहप्त्यानं दे, आणि मिटवून टाकू. तू एकटी, आईचं वय झालेलं. उद्या ही माणसं दारात आली तर तू काय करणार? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं बाबाच म्हणायचे. मशीनचं तू लिहिलेलं मला खरंच आठवत नाही, जुनी पत्रं शोधतो.

रागावू नकोस. पण पावती कुठे ठेवली हे तुलाच आठवत नसेल तर बाकीच्यांनी काय करायचं?

बारका

---

१७ मार्च

(वसुली अधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्राची नक्कल. बारक्या, ही तुला.)

महोदय,

आपलं पत्र पोचलं. एका बिलाचे पैसे मी एकदाच देते. दुसऱ्यांदा द्यायची आमच्या घरात सवय नाही.

खाट नंबर सतराचं बिल रोख भरलं आहे. खिडकी क्रमांक दोन, चष्मा कपाळावर चढवून नोटा मोजणारे कॅशियर. त्यांनी दोनदा मोजले आणि एक नोट फाटकी म्हणून परत केली, ती मी बदलून दिली. इतकं बारीकसारीक खोटं रचण्याइतकी मी हुशार असते तर पुस्तकं बांधत बसले नसते, लिहिली असती.

पावती सापडत नाही, हे खरं आहे, आणि मी ते लपवत नाही. पण माझी पावती हरवली म्हणजे तुमचे पैसे मिळालेच नाहीत, हे गणित मला उमगलेलं नाही. आमच्या घरात गणितात एकोणीस मार्क मिळवलेला माणूस आहे, त्यालाही उमगणार नाही.

आणि एक. आपल्या पत्राचा कागद फार हलका आहे. दोन घड्यांत फाटतो. माणसाची झोप उडवणारं पत्र जरा बऱ्या कागदावर लिहावं.

पुस्तक बांधणारी

(बारक्या, निम्म्या-निम्म्याचं उत्तर: नाही. निम्मे भरले म्हणजे निम्मी चोरी कबूल केली. निम्मा चोर चोरच असतो. आणि हे तुझ्या अक्षरात वाचावं लागलं, ते मी विसरणार नाही.)

---

२३ मार्च

महोदया,

आपले १७ तारखेचे पत्र मिळाले. त्यातील कॅशियरचा चष्मा, फाटकी नोट इत्यादी तपशील पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत. उक्त कॅशियर निवृत्त होऊन परदेशी स्थायिक झाले आहेत.

मूळ पावती, अथवा पावती क्रमांक, ३० एप्रिलपर्यंत सादर न झाल्यास थकबाकीपोटी आपल्या कारखान्यातील कागद कापण्याचे यंत्र ताब्यात घेण्याची कारवाई सुरू करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.

कागदाच्या दर्जाबाबतची सूचना संबंधितांकडे पाठवली आहे.

वसुली अधिकारी

---

२७ मार्च

बाळा,

आक्का पुठ्ठा आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

पावती मी कापली.

दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात माझा चष्मा तिथेच राहिला होता, खाटेजवळच्या खणात. आक्कानं पिशवीतले औषधांचे कागद काढून माझ्या पायथ्याशी ठेवले होते, त्यातलाच एक खाली रद्दीच्या टोपलीत पडला असणार. ती बिचारी एका हातानं माझं करत होती आणि दुसऱ्या हातानं हॉस्पिटलच्या वह्या बांधत होती. मला म्हणाली पडून राहा. किती पडून राहायचं? म्हटलं पट्ट्या तरी कापून देऊ. टोपली ओढली तर वरच एक कागद, जाड, बोटांना छान लागला. वाचता येत नव्हतं, नुसता हिरवा दिसला. पाठीला असा कागद मिळायला नशीब लागतं. उभ्या तीन पट्ट्या केल्या. आक्कानं न बघता त्या खळ लावून चिकटवल्या असतील, माझ्या पट्ट्या ती कधी तपासत नाही.

परवा डबा उपडा करताना ती 'हिरवट जाड कागद' म्हणाली आणि माझ्या बोटांना आठवलं. सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिनं तुझं निम्म्या-निम्म्याचं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि ताट बाजूला सारलं. मग माझ्याच्यानं बोलवेना. आता मशीन नेणार म्हणतात. ते गेलं तर ती हातानं कापणार का पुठ्ठे, या वयात?

मी सांगितलं तर ती रागवणार नाही, तेच वाईट. गोड बोलेल, 'आई, आता आराम कर' म्हणेल, आणि कात्री माझ्या हातातून काढून घेईल. मला एवढंच काम उरलंय बाळा. कात्री गेली की मी नुसती खिडकीशी ठेवलेली वस्तू.

तू यंत्रं दुरुस्त करतोस, हेही काहीतरी कर. पण माझं नाव येता कामा नये. आणि आक्कावर संशय घेतलास, त्याची थोडी लाज वाटू दे.

आई

---

३ एप्रिल

आक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्रात लिहायचा म्हणून नाही, जमिनीला डोकं टेकवून.

तुझं जुनं पत्र सापडलं. हत्यारांच्या पेटीत होतं, तेलाचे डाग पडलेलं. मशीन कोणाकडून घेतलं, आगाऊ किती मिळाले, सगळं आहे त्यात. मी तेव्हा वरवर वाचून घडी घातली होती. 'विचारलं फक्त' हे मी खोटं लिहिलं. माझ्या मनात आलं होतं, आक्का. दोन दिवस राहिलंही. माझ्या शाळेच्या फीसाठी तू स्वतःची सायकल विकलीस, आणि माझ्या मनात ते आलं. यावर काय लिहायचं असतं ते मला येत नाही. चुकलो.

आता दुसरं. काल एका इमारतीत लिफ्टचा दरवाजा खडखड वाजत होता. पाहिलं तर आवाज थांबवायला कोणीतरी फटीत कागदाची घडी कोंबलेली. उघडली तर तिथल्याच एका भाडेकरूचं भाड्याचं करारपत्र, आणि तो ते वर्षभर शोधतोय. तेव्हा डोक्यात आलं. आपल्या घरात कागद कधी हरवत नाही, वापरला जातो. त्या आठवड्यात तू दमलेली होतीस. पावती चुकून पट्ट्यांमध्ये गेली नसेल ना? समज उभ्या तीन पट्ट्या झाल्या असतील, तर त्या अजून कुठल्यातरी पुस्तकांच्या पाठीत जशाच्या तशा असतील. कामाची वही तू ठेवतेसच. बघ बरं त्या आठवड्यात काय काय बांधलंस.

आईला यातलं काही विचारू नकोस. तिला उगाच काळजी.

बारका

---

१२ एप्रिल

बारक्या,

आशीर्वाद, आणि या वेळी वर थोडे जास्त.

तुझ्या पत्राचा पहिला भाग मी एकदाच वाचला आणि ठेवून दिला. सायकल मला तशीही उंच पडायची. विषय संपला.

दुसरा भाग वाचून मी उठले ती थेट कामाची वही काढली. त्या आठवड्यात माझ्या हातून दहा पाठी गेल्या. दोन किराणावाल्याच्या, एक भूगोलाच्या मास्तरांचा नकाशासंग्रह, एक शिवणक्लासवाल्या बाईंचं मापांचं पुस्तक, आणि सहा हॉस्पिटलच्या धुण्याच्या नोंदवह्या. किती चादरी गेल्या आणि किती आल्या, त्या.

किराणावाल्यानं हसत हसत दिल्या. आत निघालं जुनं वर्तमानपत्र. त्याची पाठ पुन्हा बांधून देताना त्यानं विचारलं, काय हरवलंय? म्हटलं, अब्रू. तो हसायचा थांबला आणि पिशवीभर साखर द्यायला लागला, मी घेतली नाही.

मास्तर मात्र अडून बसले. म्हणाले, हे पुस्तक घेऊन मी तीस वर्षं मुलांना समुद्र दाखवले, त्याला सुरी लावू देणार नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी मला हात धुवायला लावले आणि स्वतः शेजारी भिंग घेऊन उभे राहिले. आपली खळ पिठाची, वाफ दिली की सैल होते. पाणी लावायची हिंमत नव्हती, शाई पसरली असती. केटलीच्या वाफेवर पाठ धरली, कापड हळूच सोडवलं आणि खालून हिरवी कड दिसली. केटली मी बाजूला ठेवली. मास्तरांनी खुर्ची सरकवली.

ती डावी पट्टी होती. 'रुग्णाचे नाव', 'खाट', 'मिळालेली रक्कम अक्षरी', एवढे छापील शब्द, आणि पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी शिवणक्लासमध्ये मधली मिळाली. बाईंच्या सगळ्या विद्यार्थिनी शिलाई थांबवून भोवती उभ्या. तिच्यावर आईचं नाव आहे, सतरा आकडा आहे, आणि अक्षरी रक्कम आहे. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तर ओळी जुळतात. पण नंबर, तारीख, सही आणि शिक्का हे सगळं उजवीकडे. त्याशिवाय वसुलीवाला म्हणेल, हा कोणताही कागद असेल.

म्हणजे तिसरी पट्टी हॉस्पिटलच्याच तळघरात, धुण्याच्या सहा वह्यांपैकी एकीच्या पाठीत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा त्यांच्या काखेत आणि वळसा मला.

मागायला गेले तर रेकॉर्ड कोणी फाडू देणार नाही. पण मी बांधलेल्या प्रत्येक वहीच्या आत माझी चिठ्ठी असते: 'पाठ सुटल्यास दोन वर्षांत फुकट बांधून मिळेल.' गॅरंटीचे सात दिवस उरलेत. त्या वह्या धोबीखात्यातल्या ओल्या हातांनी वापरलेल्या, एखादी तरी सुटली असेलच. मी वसुली अधिकाऱ्यांना अठरा तारखेला सकाळी अकरा वाजता तिथे बोलावलं आहे. मला जे सापडेल ते त्यांच्यासमोर सापडू दे. आणि नाही सापडलं तर तेही.

आक्का

---

२० एप्रिल

बारक्या,

जिंकलो. आता सविस्तर.

मी नवी ओढणी घेतली, हत्यारांची पिशवी घेतली आणि साडेदहालाच तळघरात पोचले. कारकुनांना चिठ्ठी दाखवली. म्हणाले, दोन वर्षांत इथे स्वतःहून काम करायला आलेली पहिली व्यक्ती तुम्ही. त्यांनी सहाही वह्या काढून दिल्या. दोन तर खरोखर फुगून सुटल्या होत्या, माझी मलाच लाज वाटली. त्यांची चहाची केटली मी मागून घेतली.

अकराला वसुली अधिकारी आले. पत्रात वाघ, प्रत्यक्षात सर्दी झालेले गृहस्थ, नाकाला रुमाल. त्यांच्यामागे हिशेबखात्याच्या बाई, त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं आणि कारकुनांनी सांगितलंही नाही. मी म्हटलं, बसा, दोन पट्ट्या आधी पाहून घ्या. साहेबांनी भिंगाशिवाय पाहिल्या, ओळी जुळतात हे मान्य केलं, आणि म्हणाले की शिक्का नाही. म्हटलं, तोच काढायला आलेय.

पहिली वही सोडवली. आत वर्तमानपत्र. दुसरी सोडवली. कॅलेंडरचं पान. हिशेबाच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. तिसरीत पुन्हा वर्तमानपत्र. चौथीत तपकिरी कागद. माझ्या हातांना घाम सुटला होता, तो मी नव्याकोऱ्या ओढणीला पुसला. पाचवी वही म्हणजे फुगलेल्यांपैकी एक. वाफ लागताच कापड आपणहून उचललं गेलं.

हिरवट.

मी हात मागे घेतला. म्हटलं, साहेब, तुम्हीच काढा, म्हणजे मी घरून आणली असं व्हायला नको. त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि दोन बोटांनी इतक्या जपून पट्टी सोडवली की मी त्यांना कामावर ठेवलं असतं. तिन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवल्या. नंबर, तारीख, चष्मेवाल्या कॅशियरची सही, आणि गोल शिक्का, कड जराशी फिकी पण अक्षर न् अक्षर लागणारा: 'रक्कम पूर्ण मिळाली.'

मग साहेबांनी विचारलं, "बाई, ही पावती इतके दिवस होती कुठे?"

"ज्यांच्यासाठी तुम्ही पैसे मागताय ना, त्यांच्याच कपाटात."

कारकून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी शब्द पाळला. नंबर मिळाल्यावर पाच मिनिटं नाही, चारच मिनिटांत कार्बनची वही काढली, आणि त्यात आईचं नाव, तीच रक्कम, तोच शिक्का. साहेब सहज पुढचं पान उलटायला लागले. त्यांच्या यादीतलं एक नाव दिसलं, मग दुसरं. ती अख्खी वहीच कॉम्प्युटरवर चढवायची राहिली होती, बारक्या. त्रेचाळीस घरं. त्रेचाळीस घरांत गेले दोन महिने कोणीतरी डबे उपडे करत असेल आणि कोणाचा तरी भाऊ फोनवर 'नक्की भरले होतेस ना' विचारत असेल.

हिशेबाच्या बाई खाली बसल्या. साहेबांनी ती वही छातीशी धरली आणि म्हणाले की बाकीच्यांनाही आजच पत्रं घालतो. मी म्हटलं, जाड कागदावर घाला.

सहाही वह्या पुन्हा बांधून दिल्या. फुकट, गॅरंटीत. शब्द म्हणजे शब्द. पावती मात्र मी मागून आणली, कारकुनांनी नक्कल ठेवून घेतली.

आक्का

---

२६ एप्रिल

महोदया,

खाट क्रमांक सतराच्या बिलाबाबत आपणाकडे काहीही येणे नाही. यापूर्वीची सर्व पत्रे मागे घेण्यात येत आहेत. झालेल्या मनस्तापाबद्दल कार्यालय दिलगीर आहे. अन्य बेचाळीस कुटुंबांनाही याप्रमाणे कळवले आहे.

आपण पाठवलेले चार पाठी पुन्हा बांधल्याचे बिल (किराणा दोन, नकाशे एक, मापे एक) मंजूर झाले असून रक्कम सोबत पाठवत आहे. कृपया पावती द्यावी.

वसुली अधिकारी

ता. क. हा कागद मी स्वतः निवडला आहे.

---

२ मे

बारक्या,

सोबत वसुलीवाल्यांच्या पत्राची नक्कल. कागदाला हात लावून बघ, घडी घातली तरी मोडत नाही. त्यांना मी पावती पाठवली आणि खाली लिहिलं, 'जपून ठेवावी, पुन्हा मागितल्यास शोधणे अवघड जाते.'

तुझे पैसे तुझ्या आईवरच खर्च झाले, हे आता शिक्क्यासकट सिद्ध झालं आहे. पावतीच्या तिन्ही पट्ट्या मी पातळ कापडावर जोडून काच लावून भिंतीवर टांगल्या आहेत, मशीनच्या बरोबर वर. तू येशील तेव्हा आधी तिथे उभा राहा, मग जेवायला बस.

आता एक गोष्ट, आणि ती तुझ्यामाझ्यातच राहू दे. तुझ्या पत्रात 'उभ्या तीन पट्ट्या' वाचलं तेव्हाच मी थांबले होते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला पट्ट्यांची संख्या कशी सुचेल? आणि पुढे आईला विचारू नकोस म्हणे. तुला खोटं बोलता येत नाही, ते गणितापेक्षाही कच्चं आहे. मास्तरांकडे पहिली पट्टी हातात आली आणि उरलासुरला संशय फिटला. खालच्या टोकाला डावीकडे तिरकी गेलेली. डाव्या हाताची कात्री टोकाला तशीच वळते. या घरात डावखुरं एकच माणूस आहे.

मी घरी येऊन तिला सांगितलं की पावती मीच घाईत कापली होती. आणखीही काही सांगितलं, ते तुला तिच्याकडूनच कळेल. तिची कात्री परवा धार लावून आणली.

सुट्टी काढून ये. फोन केलास तरी चालेल. तिसऱ्या वाक्याच्या आत ठेवू.

आक्का

---

६ मे

बाळा,

देव तुझं भलं करो. माझं नाव कुठे आलं नाही. आक्काला काही म्हणजे काही कळलेलं नाही.

उलट गंमत ऐक. तिला वाटतंय पावती तिनंच कापली. मला म्हणाली, आई, माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा राहिला नाही, यापुढे रद्दीतला प्रत्येक कागद कापायच्या आधी तू वाचायचास, तू हो म्हणालीस तरच कात्री लावायची. मला नवा चष्मा आणला, दोरीचा, गळ्यात राहतो. आता मी नुसती कापत नाही, तपासते. काल टोपलीत तुझं प्रगतिपुस्तक निघालं. आक्का म्हणाली, कापून टाक, कागद चांगला आहे. मी साफ नाही म्हटलं. माझ्या सहीशिवाय या घरातला एक कागद हलत नाही सध्या.

बिचारी दिवसभर मशीनशी गाणं म्हणते. मधेच भिंतीवरची पावती पुसते. मी तिला पावतीबद्दल एका शब्दानं बोलले नाही हो. माणूस दमलं की हातून चूक होते, आपणच समजून घ्यायचं. मी तिला मनापासून माफ केलंय. तूही कर, आणि हा विषय तिच्याजवळ काढू नकोस. पोर मनाला लावून घेईल.

आई